माटुंग्याला खायला जाण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून, नाशिकहून, डोंबिवलीहून किंवा बोरिवलीहून (आम्हा दादर-माटुंगावाल्यांना बोरिवली म्हणजे परगावच) खास खाण्यासाठी माटुंग्याला येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. पदार्थांचे भाव मुद्दाम लिहिलेले नाहीत, कारण ते बदलत राहतात. हॉटेलांच्या वेळा आणि सुट्टीचे वारही निघण्याआधी एकदा तपासून घ्या.

माटुंग्याला जायचं म्हणजे नेमकं कुठे उतरायचं?

या भागाला तीन स्टेशनं आहेत आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या ठिकाणी उतरतो. मध्य रेल्वेचं माटुंगा, पश्चिम रेल्वेचं माटुंगा रोड आणि हार्बरचं किंग्ज सर्कल. खाण्याच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचं मध्य रेल्वेचं माटुंगा. पूर्वेला बाहेर पडलात की भांडारकर रोड आणि लखमशी नप्पू रोड समोरच आहेत, म्हणजे रामाश्रय, शारदा भवन आणि रामा नायकांचं बोर्डिंग अगदी जवळ. तिथून किंग्ज सर्कल, म्हणजे माहेश्वरी उद्यान, रमतगमत दहा-बारा मिनिटांवर. मात्र लक्षात ठेवा, जलद गाड्या माटुंग्याला थांबत नाहीत. कल्याण-डोंबिवलीहून जलद गाडीने येणाऱ्यांनी दादरला उतरून एक स्टेशन मागे यावं, नाहीतर सरळ टॅक्सी करावी. पश्चिम रेल्वेवाल्यांनी माटुंगा रोडला उतरून रूळ ओलांडणाऱ्या पादचारी पुलाने पूर्वेला यावं.

जाता जाता: २०१७ मध्ये सगळे कर्मचारी महिला असलेलं देशातलं पहिलं रेल्वे स्टेशन म्हणून ज्याचं नाव झालं, ते हेच माटुंगा.

एवढी दाक्षिणात्य हॉटेलं इथेच का?

याचं मूळ प्लेगात आहे. १८९६ च्या साथीने मुंबईची दाट वस्ती हादरली, १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर, माटुंगा, शीव या उत्तरेकडच्या मोकळ्या भागात आखीव रस्त्यांच्या वसाहती उठू लागल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही सगळी त्याच आखणीची फळं. नव्या इमारतींना भाडेकरू हवे होते. त्याच सुमाराला मद्रास इलाख्यातून, आजच्या केरळातल्या पालघाटकडून, म्हैसूर संस्थानातून इंग्रजी शिकलेली तरुण मंडळी रेल्वे, बँका, जहाज कंपन्या आणि सरकारी कचेऱ्यांत कारकून, टंकलेखक, लघुलेखक म्हणून येत होती. ती इथे स्थिरावली. १९२३ मध्ये आस्तिक समाज ही धार्मिक संस्था आली, १९२६ मध्ये म्हैसूर असोसिएशन ही कन्नड मंडळींची संस्था. देवळं आली, गजरेवाले आले, केळीची पानं विकणारे आले.

पण पुष्कळ तरुण एकटे होते. बायका-मुलं गावाकडे आणि खोलीत चूल नाही. त्यांना दोन वेळचं घरच्यासारखं शाकाहारी जेवण आणि सकाळी कचेरीला पळण्याआधी इडली-कॉफी हवी होती. आज आपण ज्यांना ‘जुनी, प्रसिद्ध हॉटेलं’ म्हणतो, ती या गरजेतून उभी राहिली. कॅफे म्हैसूर १९३६ चं, रामाश्रय १९३९ चं, कॅफे मद्रास १९४० चं, रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. सात वर्षांत चार नावं, तीही पायी फिरण्याइतक्या अंतरात. त्यांचा वेग, स्वच्छ पण साधी मांडणी, ‘खा आणि उठा’ हा खाक्या, सगळं त्या कारकुनांच्या घड्याळावर बेतलेलं आहे. वेटर तुटक बोलला म्हणून नाराज होऊ नका. त्याला आठ-सत्तावन्नची लोकल पकडणाऱ्या गिऱ्हाइकाची सवय लावली गेली, ती अजून सुटलेली नाही.

सगळीकडे इडली-डोसाच ना? मग या हॉटेलपेक्षा त्या हॉटेलात वेगळं काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगते. मराठी माणूस ‘साउथ इंडियन’ म्हणून एकच खूण करतो आणि तिथेच निम्मी मजा हरवते. माटुंग्यात किमान तीन-चार वेगळी स्वयंपाकघरं एकमेकांना खेटून आहेत. जेवणाआधी स्वतःला एवढंच विचारायचं: हे कोणाचं स्वयंपाकघर?

पहिलं उडुपीचं. उडुपीच्या कृष्णमठाच्या नैवेद्याच्या स्वयंपाकातून आलेली ही पद्धत. सांबारात धने-मिरचीबरोबर भाजलेलं खोबरं वाटून घातलेलं, गुळाचा खडा, बेडगी मिरचीचा रंग जास्त आणि जाळ कमी. आपल्या आमटीच्या जवळचं. पहिल्यांदा खाणाऱ्या मराठी माणसाला हे सांबार लगेच आपलं वाटतं ते यामुळे.

दुसरं तमिळ, त्यात पालघाटच्या तमिळ ब्राह्मणांचं. चिंच आणि हिंग पुढे, गोडवा मागे. रसम पातळ आणि मिरीने घसा शेकणारं. अडई, पोंगल (तांदूळ-मूगडाळीची मऊ खिचडी), मोळगापोडी किंवा नुसती पोडी (डाळी-मिरचीची कोरडी चटणी) ही त्यांची देणगी. अडई म्हणजे तीन-चार डाळी आणि तांदूळ जाडसर वाटून घातलेला जाडजूड डोसा, आपल्या थालीपिठाचा दूरचा चुलतभाऊ. सोबत लोण्याचा गोळा किंवा गूळ. अडई बऱ्याच ठिकाणी रोज नसते, म्हणून दिसली की मागवा.

तिसरं स्वयंपाकघर किनाऱ्यावरच्या कोकणी बोलणाऱ्या मंडळींचं, गौड सारस्वतांचं. इथे गोवा-सिंधुदुर्गाच्या वाचकांना घरी आल्यासारखं होईल. फणसाच्या पानांच्या द्रोणात उकडलेली इडली, जिला ते खोट्टो म्हणतात आणि कन्नडवाले कोट्टे कडुबू. अळूच्या पानांचं पत्रोडे, जे आपल्या अळुवडीसारखं दिसतं, पण आत बेसनाऐवजी तांदळाचं वाटण असतं. तवशाचा, म्हणजे काकडीचा डोसा. नीर डोसा: पाण्यासारख्या पातळ पिठाचा, जाळीदार, पांढराशुभ्र, आंबवावा न लागणारा. मालवणातल्या घावनांशी त्याची तुलना करून वाद घालायचा असेल तर जरूर घाला. मी घावनांच्या बाजूने आहे, पण मागवते नीर डोसाच.

चौथं स्वयंपाकघर मुंबईचं स्वतःचं. म्हैसूर मसाला डोशाला लाल चटणी आणि लोणी फासून त्यात भाजी भरणं, चीज डोसा, शेजवान डोसा. शुद्धतावादी नाक मुरडतात. रुईया-पोदार कॉलेजांच्या पोरांनी चार पिढ्या हेच खाल्लं आहे आणि त्यांची काही तक्रार नाही.

एकाच हॉटेलात ही स्वयंपाकघरं मिसळलेली सापडतात. तरीही प्रत्येकाचा एक मूळ हात असतो आणि तो सांबारात कळतो. म्हणून कुठेही गेलात तरी आधी नुसतं सांबार चमच्याने चाखा, मग इडली त्यात बुडवा.

एकच दिवस आहे. एकच जागा सांगा.

एक जागा सांगणार नाही. दोन सांगते: नाश्ता कॅफे मद्रास किंवा रामाश्रय, दुपारचं जेवण रामा नायक. मध्ये तीन तास हिंडा, म्हणजे भूक लागेल.

नेमकं काय मागवायचं? मेनूकार्ड फार लांबलचक आहे.

कार्ड बाजूला ठेवा आणि भिंतीवरचा फळा वाचा. ‘आजचे विशेष’ असा फळा किंवा कागद बहुतेक ठिकाणी असतो. कार्डावरचं रोज मिळतं, फळ्यावरचं आज केलेलं असतं.

तरी नावं हवीच असतील तर सांगते. कॅफे मद्रासला रसम वडा आणि लोणी-पोडी लावलेली इडली. नाचणीचा डोसाही तिथला चांगला, आणि नाचणी म्हणजे पथ्याचं, बेचव ही आपली समजूत तो मोडतो. रामाश्रयला शिरा. अननसाचा शिरा ही तिथली ओळख, उन्हाळ्यात आंब्याचाही असतो. शिऱ्यात फळ म्हटल्यावर सत्यनारायणाच्या प्रसादाचं केळं आठवून काहींना हसू येतं, पण साजूक तुपात हात सैल सोडलेला हा शिरा गरम असताना खाऊन बघा. कॅफे म्हैसूरला म्हैसूर मसाला डोसा आणि पोडी घालून तुपातली इडली. मुकेश अंबानींचं आवडतं म्हणून या हॉटेलच्या बातम्या झाल्या आहेत. त्यासाठी जाऊ नका, इडलीसाठी जा.

पहिल्या खेपेला सगळ्यांनी मसाला डोसा मागवणं टाळा. चौघं असाल तर चार वेगळे पदार्थ घ्या आणि मधे ठेवा. ‘वन बाय टू’ म्हटलं की कॉफीही दोघांत वाटून आणून देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ती या हॉटेलांची जुनी रीत आहे. वडा मागवलात तर ‘सांबार वेगळं’ असं आधीच सांगा. नाहीतर तो बुडूनच येईल आणि कुरकुरीतपणा संपलेला असेल. ज्यांना बुडालेलाच आवडतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

रविवारी किती वेळ रांगेत उभं राहावं लागतं?

रविवारी सकाळी नऊ ते बारा या वेळात नामांकित हॉटेलांबाहेर घोळका असतोच. ही रांग आपल्या बँकेसारखी एकामागे एक नसते. दाराशी वही घेऊन एक गृहस्थ असतात, त्यांना नाव आणि माणसं सांगायची. मग लोक फुटपाथभर पांगतात आणि कान मात्र दाराकडे. नाव पुकारल्यावर तुम्ही कोपऱ्यावर गजरे बघत असाल तर नंबर गेला. गटातल्या एकाला दाराशी उभं करा.

दोघंच असाल आणि दुसऱ्यांबरोबर टेबल वाटून घ्यायची तयारी असेल तर तसं आधीच सांगा. लवकर जागा मिळते, शिवाय समोरच्याच्या ताटातलं बघून ‘हे काय आहे?’ विचारता येतं. माटुंग्यातली नवी नवी नावं मला अशीच कळली आहेत, शेजारच्या अनोळखी काकूंकडून.

रांग टाळायचा खरा उपाय वेळ बदलणं हा आहे. रामाश्रय अगदी पहाटे उघडतं. सहा-साडेसहाला तिथे फाइव्ह गार्डन्समध्ये फिरून आलेली मंडळी, दूधवाले, पहिल्या पाळीला निघालेले लोक असतात. तव्यावरचा पहिला डोसा आणि ताज्या डिकॉक्शनची, म्हणजे फिल्टरमधून उतरलेल्या दाट अर्काची, कॉफी तेव्हाच. दुसरी चांगली वेळ दुपारी तीन ते पाच. या वेळेला गोड पदार्थ, भजी, गोळीबजे (मैदा-दह्याची गोल भजी) आणि मंगळुरी बन ताजे निघतात. बन म्हणजे पाव नव्हे. पिकलेलं केळं, मैदा आणि दही मळून तळलेली, किंचित गोड, फुगलेली पुरी, चटणीबरोबर खायची. आठवड्याचा मधला वार आणि ही वेळ जमली तर नुसतं निवांत बसता येतं. सोमवार टाळा, बऱ्याच जागा त्या दिवशी बंद असतात.

केळीच्या पानावर जेवायचं आहे. तिथली पद्धत काय?

त्यासाठी रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग. स्टेशनसमोर बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. जिना चढायचा, आधी पैसे भरून कूपन घ्यायचं आणि नंबराची वाट बघत बसायचं. रामा नायक लहान वयात गाव सोडून आले, हॉटेलात पडेल ते काम करत वर आले आणि मुंबईत उडुपी पद्धतीचं खाणं रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत घेतलं जातं. कॅफे म्हैसूरही त्यांनीच सुरू केलेलं.

पान मांडलं की त्यावर पाणी शिंपडून हाताने पुसून घ्यायचं. चटणी, कोशिंबीर, दोन भाज्या, पोळी किंवा पुरी, मग भात आणि त्यावर सांबार, पुढच्या भातावर रसम, शेवट दही किंवा ताकभात. मराठी पंगतीत वरणभाताने सुरुवात आणि ताकाने शेवट करणाऱ्याला हा क्रम लगेच बसतो. फरक रसमाच्या भाताचा. त्यासाठी पोटात जागा ठेवा. बहुतेक पाहुणे पोळ्यांवर ताव मारून भाताला येईपर्यंत हात आखडता घेतात आणि इथल्या स्वयंपाकाचा खरा मान असतो भाताला. पातळ रसम पानावरून पळतं, म्हणून भाताचं आळं करून मधे वाढून घ्यायचं. वाढपी थांबत नाही. नको असेल तर पानावर हात आडवा धरा.

पानात टाकू नका. तिथे ते कोणालाच आवडत नाही, आणि वाढणारे पुन्हा पुन्हा येतात, मग आधीच भरून घ्यायची घाई कशाला?

फिल्टर कॉफीत चांगलं-वाईट कसं ओळखायचं?

वासाने. स्टीलचा पेला आणि खोलगट वाटी, म्हणजे टंबलर आणि डबरा, समोर आला की आधी नाकाशी न्या. कॉफीचा वास दुधाच्या वासाच्या पुढे असला पाहिजे. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड, असणं ही भेसळ नव्हे, ती हवीच. तिच्यामुळे डिकॉक्शन दाट उतरतं आणि रंग येतो. मात्र प्रमाण चुकलं तर जिभेवर जळकट कडवटपणा राहतो. साखर तळाशी असते, म्हणून टंबलरमधून डबऱ्यात दोन-तीनदा ओतून मग प्या. त्यात कॉफी पिण्याइतकी निवते आणि फेसही धरते. साखर कमी हवी असेल तर मागवतानाच सांगा, नंतर इलाज नाही.

इराणी कॅफे आहे का माटुंग्यात?

आहे. किंग्ज सर्कलला कूलर अँड कंपनी, १९३२ पासूनचं. म्हणजे वर सांगितलेल्या दाक्षिणात्य हॉटेलांपेक्षाही जुनं. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्या, चौकातली मोक्याची जागा. बन मस्का आणि इराणी चहा तर आहेच, पण अंडी खाणाऱ्यांनी तिथलं ‘रेसलर ऑम्लेट’ बघावं. नावाप्रमाणेच पैलवानी काम आहे, एकट्याने मागवू नका. दक्षिणेकडच्या शाकाहाराच्या गराड्यात हे एकमेव अंड्याचं बेट वाटतं आणि तिथे बसायला कोणी घाई करत नाही. डोशाच्या रांगेतून वैतागून बाहेर पडलेल्यांनी इथे येऊन डोकं शांत करावं.

यशवंत नाट्य मंदिरात नाटक आहे. आधी कुठे खावं?

नाट्य मंदिर माटुंगा रोडच्या बाजूला, पश्चिमेला आहे आणि वरची जवळजवळ सगळी हॉटेलं पूर्वेला. मधे दोन्ही रेल्वेचे रूळ. चारचा प्रयोग असेल तर रामा नायकांकडे दुपारी बाराच्या आसपास जेवून, पूल ओलांडून निवांत पोचता येतं. त्या जेवणानंतर पहिला अंक डुलक्यांत जाण्याची शक्यता आहे, ते गृहीत धरा. रात्रीच्या प्रयोगाआधी जेवण नको, हलका डोसा आणि कॉफी पुरे. मध्यंतरातला बटाटेवडा कोणी सोडतं का?

षण्मुखानंद सभागृहात गाण्याचा कार्यक्रम असेल तर उलट सोपं आहे. ते किंग्ज सर्कलच्याच बाजूला. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र आसपासची हॉटेलं संध्याकाळी भरतात, म्हणून तासभर आधी या.

जैन जेवण, कांदा-लसूण नसलेलं, उपासाचं मिळतं का?

जैन मिळतं, अगदी सहज. माटुंग्यात कच्छी आणि गुजराती वस्ती मोठी आहे, त्यामुळे ‘जैन डोसा’ म्हटल्यावर कोणी भुवई उंचावत नाही. बटाट्याऐवजी कच्च्या केळ्याची भाजी भरतात.

कांदा-लसणाबद्दल एक गैरसमज आहे. उडुपीचा मठातला स्वयंपाक कांदा-लसणाशिवायचा, म्हणून उडुपी हॉटेलातलं सगळंच तसं असेल, असं लोक धरून चालतात. तसं नाही. हॉटेलच्या सांबारात कांदा असू शकतो, मसाला डोशाच्या भाजीत तर असतोच. चातुर्मास पाळणाऱ्यांनी प्रत्येक पदार्थाचं विचारून घ्यावं.

उपासाला साबुदाणा वडा काही ठिकाणी दिसेल, पण एकादशीला खास माटुंग्याला येण्यात अर्थ नाही. घरची खिचडी बरी.

मांसाहारी काही?

किंग्ज सर्कलच्या इराण्याकडची अंडी आणि खिमा सोडले तर या भागात फारसं नाही. मासे हवे असतील तर दादर किंवा माहीम गाठा.

लॅपटॉप घेऊन बसता येईल अशी कॅफे आहेत का?

नावात ‘कॅफे’ असलेल्या जुन्या हॉटेलांत अजिबात नाही. तुम्ही लॅपटॉप उघडेपर्यंत बिल आलेलं असेल. कॉलेजांच्या बाजूला नव्या पद्धतीची कॅफे उघडतात आणि बंदही पडतात. त्यातली काही चांगली आहेत, पण ती वांद्र्यात असती तरी तशीच असती, म्हणून त्यांच्यासाठी माटुंग्याला यायला मी सांगणार नाही.

कॉलेजची मुलं कुठे खातात?

रुईयाच्या नाक्यावर. रुईया, पोदार, खालसा, व्हीजेटीआय, सगळ्यांची भूक या पट्ट्यात भागते. रुईयाजवळचं डीपीज, म्हणजे दुर्गा परमेश्वरी, हे कित्येक पिढ्यांचं दुसरं कँटीन. एकांकिकेच्या तालमी रात्री लांबल्या की सगळा संच तिथे. डोसा, पावभाजी, चायनीज, सगळं एका छपराखाली. चवीचा उच्चांक शोधायला जाऊ नका, गजबजाट अनुभवायला जा. बाहेर सँडविच आणि दाबेलीच्या गाड्या आहेत. कच्छी वस्तीमुळे इथली दाबेली बेताची गोड आणि मसाल्याला सच्ची असते. फाइव्ह गार्डन्सला संध्याकाळी भेळ-सँडविच घेऊन बाकावर बसणं हाही एक कार्यक्रम होऊ शकतो, विशेषतः बरोबर लहान मुलं असतील तर.

वयस्कर आई-वडिलांना घेऊन येतोय. जमेल का?

जमेल, पण रविवारी नको. रामा नायकांकडे जिना चढावा लागतो, तेवढं ध्यानात ठेवा. इतर बहुतेक हॉटेलं तळमजल्यावर आहेत, पण आत टेबलं दाटीने मांडलेली असतात आणि ओठंगून बसण्यासारख्या खुर्च्या नाहीत. गाडी आणायचीच असेल तर ती फाइव्ह गार्डन्सच्या बाजूला लावून रिकामी टॅक्सी करा. किंग्ज सर्कलला गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन डोसे खाऊन होतात. रिक्षाची वाट बघू नका, माटुंग्यात रिक्षा नाहीत. त्या शीवच्या पलीकडे सुरू होतात.

गणपतीत यावं का?

यावं, पण काय आहे ते समजून. किंग्ज सर्कलला जीएसबी (गौड सारस्वत ब्राह्मण) सेवा मंडळाचा पाच दिवसांचा गणपती बसतो. सोन्या-चांदीच्या दागिन्यांमुळे वर्तमानपत्रांत दरवर्षी फोटो येतो तोच. त्या पाच दिवसांत हजारो माणसं पानावर महाप्रसाद जेवून जातात आणि परिसरातली वाहतूक ठप्प होते. सारस्वती पद्धतीचं जेवण तेव्हा अनुभवता येतं, बाहेरच्या हॉटेलांत मात्र धीर लागतो. श्रावण-भाद्रपद हे तसेही पत्रोडे आणि खोट्ट्याचे दिवस, कारण अळू आणि फणसाची पानं भरात असतात. गर्दी सोसत नसेल तर गणपतीच्या आधीचा पंधरवडा गाठा.

तिथे मराठी पदार्थ मिळतात का?

एक गंमत मिळते: दही मिसळ. उडुपी हॉटेलवाल्यांनी मुंबईत येऊन मराठी गिऱ्हाईक बघितलं आणि आपल्या पद्धतीची मिसळ केली. वर थंड दही, तिखटाला लगाम, फरसाण जास्त. कोल्हापूरकर तिला मिसळ म्हणणार नाहीत, पण मे महिन्यातल्या दुपारी ती बरी वाटते. बाकी थालीपीठ, कोथिंबीरवडी, पियुष वगैरेंसाठी एक स्टेशन पुढे दादर आहेच.

तुमची यादी नको, स्वतः नवीन जागा शोधायच्या आहेत. कशा शोधू?

आनंद आहे. मग प्रसिद्ध नावं पहिल्या खेपेला उरका आणि दुसऱ्या खेपेला त्यांच्याकडे पाठ करा. सकाळी साडेसहा-सातला स्टेशनपासून भांडारकर रोडने निघा. आधी फुलवाल्यांकडे थांबा. ही माणसं पहाटेपासून रस्त्यावर असतात आणि त्यांचा नाश्ता कुठून येतो ते बघा. मग भाजीबाजारात शिरा: केळफूल, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, कढीपत्त्याच्या जुड्या. फणसाची पानं विकायला आली असतील तर जवळपास कुठेतरी त्या दिवशी द्रोणातली इडली असणार. भाजीवाल्यालाच विचारा, हॉटेलवाले किती पानं नेतात आणि कुठले.

देवळांच्या आसपास घरगुती खाद्यपदार्थांची छोटी दुकानं आहेत. मुरुक्कू, केळ्याचे वेफर्स, थट्टई, पोडी, लोणची. तिथे काउंटरवर कागद चिकटवलेला असतो, ‘शनिवारी अमुक मिळेल’ असा. असे कागद वाचत जा. कुठल्याही ऑनलाइन यादीत नसलेलं खाणं माटुंग्यात याच कागदांवर सापडतं. कार्यक्रमांची जेवणं करून देणारे स्वयंपाकीही याच दुकानदारांच्या ओळखीतले असतात.

हॉटेलात शिरताना गिऱ्हाइकांच्या वयाकडे बघा. सकाळी एकटेच बसलेले, पेपर उघडलेले सत्तरीचे आजोबा जिथे आहेत तिथे बसा. त्यांनी सांबाराला एकदा नावं ठेवली की ती गल्ल्यापर्यंत पोचतात आणि दुसऱ्या दिवशी सांबार सुधारतं. जिथे सगळेच फोटो काढत आहेत तिथे हा दट्ट्या राहत नाही. आणि वेटरला ‘तुमचं स्पेशल काय?’ विचारू नका, तो मसाला डोसाच म्हणेल. ‘आज काय केलंय?’ असं विचारा. गाव विचारा. कुंदापूर, कारकळ, उडुपी असं काही कळलं की पुढचा प्रश्न ‘तिकडे घरी सकाळी काय खातात?’ बऱ्याचदा ते कार्डावर नसतं, पण आतल्या माणसांसाठी शिजलेलं असतं. मिळालं तर तुमचं नशीब.

घरी काय न्यावं?

ताजी दळलेली कॉफी. किंग्ज सर्कलजवळ म्हैसूर कन्सर्न्सकडे कॉफी भाजण्याचा वास रस्त्यावरूनच येतो. तिथे पीबेरी की प्लँटेशन (हे कॉफीच्या बियांचे प्रकार), चिकोरी किती, असं विचारतील. पहिल्यांदा नेत असाल तर ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी सांगा, आणि घरी फिल्टर आहे हेही सांगा, म्हणजे दळण त्या जाडीचं मिळेल. फिल्टर नसेल तर भांड्यांच्या दुकानात स्टीलचा मिळतो. दोन माणसांना छोटाच घ्या, कारण मोठ्या फिल्टरात थोडी पूड घातली तर पाणी भर्रकन खाली जातं आणि डिकॉक्शन पाणचट होतं.

पोडीचं पाकीट, केळीची पानं आणि एखादा मोगऱ्याचा गजरा घ्या. डोशाचं तयार पीठ लांबच्या प्रवासाला नेऊ नका. उन्हाळ्यात ते कर्जतपर्यंतच पिशवीतून वर येतं.